आईला बोलावलं तो शुक्रवार

घराला चुना लावायचा म्हणून सुनेनं माळ्यावरचं सगळं खाली काढलं आणि त्यात ती थाळी निघाली. पितळेची, हातभर रुंद, काठाला वेलबुट्टी. आखातातले लोक असल्या थाळीत कॉफीचे छोटे पेले ठेवतात. मधोमध एक काळा चिकट डाग आहे. सुनेनं तो राखेनं घासून पाहिला, चिंचेनं घासून पाहिला, मग मला विचारलं, आई, भंगारात देऊ का. मी थाळी उचलून नाकाशी नेली. इतकी वर्षं झाली, वास काय राहणार, तरी मी ती झटकन खाली ठेवली आणि अंगणात जाऊन बसले.

समोरच्या उतारावर खुरासणी फुलली होती. सगळी टेकडी पिवळी. जरा बरं वाटलं. पण खुरासणी पाहिली की आई आठवते, तिच्या केसांना त्याच बियांच्या तेलाचा वास असायचा. आणि आई आठवली की दोहा शहर आठवतं. तिनं दोहा कधी पाहिलं नाही, विमानही फक्त आभाळात पाहिलं. पण माझ्यापुरती ती मेली ती दोह्यातच.

दोह्याला मी साहेबांच्या घरची माणूस म्हणून गेले. साहेब नाशिकचे, इंजिनीयर. ताई म्हणजे त्यांची बायको, आणि दोन लहान मुली. नाशिकला मी त्यांच्याकडे धुणंभांडी करायची, मग मुली सांभाळायला लागले, आणि ती मंडळी आखातात निघाली तेव्हा मला घेऊनच निघाली. माझा नवरा तेव्हा वारला होता, मुलगा आश्रमशाळेत होता. पासपोर्टच्या कागदावर साहेबांनी माझ्या नावापुढं हिंदू लिहिलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? आम्ही कोकणा आदिवासी, सुरगाण्याकडचे. आमच्यात त्याला नाव नव्हतं. डोंगर होता, कणसरा होती, वाघ होता, मेलेली माणसं होती. ती होती, एवढंच. त्यांना मानायचं का नाही असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. पावसाला मानतोस का, असं कुणी विचारतं का?

दोह्यात मुऐदरला साहेबांचा बंगला होता. बंगल्यात सगळीकडे एसीचा वास, ओल्या गोणपाटासारखा. नळाच्या पाण्याला खारट, लोखंडी चव. दुपारी वारा सुटला की बंद खिडकीतूनही वाळू आत यायची. कणकेत जायची, भातात जायची, दाताखाली कचकच करायची. मला माझ्याच तोंडाची शिसारी यायची. गालिच्यांवर अत्तर सांडलेलं, त्यावर मुलींनी दूध सांडलेलं, आणि बाहेर ऊन असं की कचऱ्याच्या डब्यातलं मासळीचं पाणी उकळायचं. मशिदीतली बांग मात्र मला आवडायची. लांबून, मोकळ्या वाळूवरून यायची. ती माझ्यासाठी नव्हती, म्हणून तिला माझ्याकडून काही नको होतं.

ताईंचे देव स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारच्या कपाटात होते. आरती करायची तर आधी पडदे ओढायचे, टाळ्या हलक्या वाजवायच्या. कपाटात उदबत्तीचा धूर कोंडायचा आणि डाळीला लागायचा. त्या घरात आमटीलाही देवाचा वास यायचा.

माझी खोली मागं होती, धुण्याच्या मशीनला लागून. भिंतीवरच्या खिळ्याला मी फडक्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, थोडी कणसं बांधून ठेवली होती. ती आमची कणसरा, धान्याची आई. तिला मूर्ती नसते, ती कणसात असते. एकदा ताईंनी ते पाहिलं. "अगं, ही म्हणजे आपली अन्नपूर्णाच की," त्या म्हणाल्या, अगदी प्रेमानं. मग फडकं सोडून बघितलं तर कणसांत किडे झालेले. त्यांनी नाक धरलं आणि बोटांच्या चिमटीत ते फडकं धरून कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी मला अन्नपूर्णेची एक छोटी मूर्ती आणून दिली. मूर्ती चांगली होती. पण तिच्याकडे पाहिलं की मला ते धरलेलं नाकच दिसायचं.

सोमाभाऊ मला तिथं भेटला तो एका शिवीमुळं. बंगल्याची मागची भिंत फुगली होती, म्हणून ठेकेदारानं गवंडी पाठवले होते. मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून कुणीतरी पायावर वीट पाडून घेतली. त्यानं विटेच्या आईला आमच्या बोलीत अशी शिवी घातली की माझ्या हातातला चिमटा खाली पडला. ती शिवी मी आमच्या नदीच्या दोन्ही काठांवरच्या पाड्यांशिवाय कुठं ऐकली नव्हती. मी भिंतीआडून विचारलं, कोणत्या गावचा? तो इतका घाबरला की भिंतीलाच म्हणाला, तूच सांग, तू कोणत्या गावची? मी हसले. दोह्यात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

तो नदीपलीकडच्या पाड्यावरचा निघाला. राहायचा दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदच्या मजूर कॅम्पात, तिथल्या शेतांच्या भिंती बांधायचं काम चालू होतं. शुक्रवारी सुट्टी, मग कधी कंपनीच्या गाडीतून, कधी कुणाच्या मागं बसून यायचा. मी त्याला मागच्या दारी चहा-भाकरी द्यायची. ताईंची हरकत नव्हती. भाऊ आला का गं तुझा, म्हणायच्या.

त्याचा बाप आमच्या भागातला नावाजलेला थाळवाला. आमच्याकडे माणूस गेलं की थाळवाला बोलावतात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात उभी रोवलेली बोरूची काडी. ओल्या बोटांनी तो ती काडी वरून खाली ओढत राहतो आणि थाळी घुमायला लागते. तो आवाज भुंग्यासारखा म्हणावा तर तसा नाही. तो कानात नाही, बरगडीत येतो. त्या घुमण्यावर थाळवाला कथा सांगतो. धरती कशी झाली, कणसरा कशी रुसून निघून गेली, तिला कसं परत आणलं. मग धान्याची रास मांडून तिच्याजवळ दिवा ठेवतो आणि मेलेल्याला नावानं हाक मारतो. मेलेलं माणूस येतं, राशीत बसतं. मग त्याला वाट सांगत सांगत, नद्या, खिंडी, गावं ओलांडत, पूर्वजांपर्यंत पोचवतात. शेवटी थाळवाला घरच्यांना विचारतो, पोचली का? घरच्यांनी म्हणायचं, पोचली. उत्तर येईपर्यंत त्याला काडीवरचा हात काढता येत नाही. ती रास मग नदीत सोडतात. तिला कुणी तोंड लावत नाही, कोंबडीलासुद्धा घालत नाहीत.

सोमा लहानपणापासून बापाबरोबर बसलेला, त्याला सगळं येत होतं. पण त्याचा कशावर विश्वास नव्हता. तो लाल बावट्याचा. जमिनीच्या मोर्चांत वाढलेला. डोंगर हा दगड आहे म्हणायचा, वाघ हे जनावर, आणि मेलेलं माणूस हे खत. ताईंच्या कपाटातल्या देवांवर तर त्याचा विशेष डोळा. म्हणायचा, बिचाऱ्यांना व्हिसा मिळाला नसेल, म्हणून डाळीत लपवून ठेवलेत.

आणि तरी त्यानं ती थाळी केली होती. बाजारातून पितळेची थाळी, मधवाल्याकडून मेण, सांडपाण्याच्या तळ्याकाठी वाढलेल्या बोरूची काडी. कॅम्पात सुट्टीच्या दिवशी वाजवायचा. त्याच्या खोलीतले रत्नागिरीचे, बिहारचे गडी म्हणे गप बसून ऐकायचे. मी विचारलं, मानत नाहीस तर कशाला केलीस? म्हणाला, बोटांना खाज सुटते. तुला तंबाखूची सुटते तशी.

मग गावाहून माझ्या सख्ख्या भावाचं पत्र आलं. आई गेली होती. पत्र यायला इतके दिवस लागले की मी ज्या दिवसांत तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं, तेव्हाच ती मातीत गेलेली होती. भाऊ प्रार्थनेत गेला होता, म्हणजे ख्रिस्ती झाला होता, ते मला ठाऊक होतं. त्यानं लिहिलं होतं, सगळ्यांनी चांगली प्रार्थना केली, आईला शांतीनं पुरलं, थाळ वगैरे ठेवला नाही, आपल्यात आता ते करत नाहीत. ते "आपल्यात" मी तीनदा वाचलं. आई कधी त्यांच्यात गेली नव्हती. ती प्रार्थनेच्या वेळी उठून कोंबड्या झाकायला जायची. तिच्या तोंडात शेवटी काय घातलं असेल, कुणाचं नाव सांगितलं असेल, याचा विचार करून मी मोरीत उलटी केली.

म्हणजे आईला कुणी पोचवलं नव्हतं. ज्याला पोचवत नाहीत ते माणूस उंबऱ्यांवरून फिरतं, खरकटी भांडी चाटतं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. माझी आई फार स्वच्छ. दुसऱ्याच्या लोट्यातलं पाणी पीत नव्हती. ती भांडी चाटत फिरते आहे असं डोळ्यांपुढं यायचं आणि मी हातातलं भांडं पुन्हा पुन्हा घासायची, ताई म्हणेपर्यंत, की अगं, कल्हई जाईल.

मी सोमाला म्हटलं, आईचा थाळ तू कर. तो चहा ढवळत म्हणाला, "बाई, तुझी आई आता कुठंच नीही. मी कुणाला हाक मारू?" मी म्हटलं, तुझ्यासाठी नसेल. तो म्हणाला, खोटं करू का मग? मी म्हटलं, शब्द खरे असले की झालं, तू खोटा असलास तरी चालेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तुझ्यासाठी करतो, म्हणाला. तिच्यासाठी नाही.

जागेचा प्रश्न होता. कॅम्पात बाईमाणसाला येता येत नव्हतं, माझ्या खोलीत दोन माणसं बसली की दार लागत नव्हतं. मागच्या ओसरीत बसू द्या, एवढंच मी ताईंना विचारायला गेले. विचारताना निम्मंच सांगितलं. ताईंचे डोळे भरून आले. मला जवळ घेतलं, त्यांच्या अत्तराचा वास माझ्या नाकातोंडात गेला. ओसरीत कशाला, म्हणाल्या, हॉलमध्ये करू. आपल्या मंडळींनाही बोलावते. आपली लोककला, मुलांना कुठं बघायला मिळते इथं? आणि चार माणसं असली की आईलाही बरं वाटेल तुझ्या.

मी नको म्हणायला हवं, असं मला वाटलं. पण मला कधी कुणाला नको म्हणता आलेलं नाही, आणि त्या तर रडत होत्या.

शुक्रवारी सकाळपासून माणसं यायला लागली. पुण्याची, मुंबईची, नाशिकची कुटुंबं, रेशमी साड्या, मुलं इंग्रजीत भांडणारी. पडदे ओढलेले, एसी मोठा केलेला. तळणाचा वास, अत्तरं, पावडर, साहेबांच्या मित्रांच्या तोंडाचा सिगारेटचा वास, आणि या सगळ्याखाली तोच ओल्या गोणपाटाचा. सोमा पांढरा सदरा घालून आला होता. ताईंनी त्याच्या डोक्याला साहेबांचं जुनं उपरणं फेट्यासारखं गुंडाळलं. तो हलला नाही. माझ्याकडे बघून त्यानं फक्त एक भुवई उचलली, म्हणजे बघ, सरदार झालो. राशीसाठी ताईंनी चांदीच्या ताटात बासमती दिला. राशीला नागली लागते किंवा भाताचं धान, सालासकट. सोमानं त्याचीच रास मांडली आणि तिच्याजवळ दिवा ठेवला. ताटाभोवती ताईंनी रांगोळी काढली होती.

त्यानं बोटं ओली केली आणि काडीवर ठेवली.

पितळेचा आवाज काशासारखा नव्हता, जरा जाड होता. पण घुमायला लागला. गालिच्यातून माझ्या तळपायात आला. मुलं फिदीफिदी हसली, त्यांना कुणीतरी दटावलं. एक काका मांडीवर ताल धरून शेजारच्यांना राग सांगायला लागले. सोमा धरतीची कथा सांगत होता. त्याचा बाप डोळे मिटून सांगायचा, हा उघडे ठेवून सांगत होता, समोरच्या टीव्हीकडे बघत. पण शब्द एकही चुकत नव्हता. कणसरा निघून गेली, कोठारं रिकामी झाली. आणि मग त्यानं आईला हाक मारली. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिच्या पाड्याचं नाव. ये, म्हणाला. बसायला जागा केलीय.

दिव्याची वात वाकली. एसीमुळं वाकली असेल. पण मला त्या सगळ्या वासांच्या मधून खुरासणीच्या तेलाचा वास आला. तेवढाच, केस पुढं घेऊन विंचरताना यायचा तेवढा. आई आली होती. राशीत बसली होती, अंग चोरून, परक्यांच्या घरात बसते तशी.

आता वाट सांगायची. सोमानं सूर बदलला. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात ताई उभ्या राहिल्या, हातात झारा. "खलास, खलास," हसत म्हणाल्या, "फारच सुंदर. बाकीचं जेवणानंतर. पुऱ्या गार होतायत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उठता उठता म्हणाले, शेवटी हे आपलेच लोक, बघा, सगळं पुराणातलंच आहे. सोमाची बोटं काडीवर तशीच होती. मग त्यानं ती काढून घेतली.

मी काहीतरी बोलायला उठले, पण मला वाढायला बोलावलं.

जेवायला माणसं धरली होती त्यापेक्षा जास्त झाली होती. भात कमी पडणार होता. मी पुऱ्या घेऊन हॉलमध्ये गेले होते. परत आले तर ताई सिंकपाशी उभ्या, चांदीचं ताट हातात. त्यांनी राशीतला दिवा बाजूला काढून ठेवला होता आणि तांदूळ धूत होत्या. एवढा उंची तांदूळ, म्हणाल्या, पूजेचा, असा टाकायचा का? प्रसाद म्हणून सगळ्यांच्या पोटात जाऊ दे. आणि कपाटातल्या देवांना नमस्कार करून त्यांनी कुकर लावला.

त्यांनी ते खोडसाळपणानं केलं असतं तर मला सोसलं असतं. त्यांनी भक्तीनं केलं.

कुकरची शिट्टी झाली. झाकण उघडलं तशी वाफ माझ्या तोंडावर आली, आणि त्या वाफेला आईच्या तेलाचा वास होता. त्या पाहुण्यांनी भात खाल्ला. वरण घालून, तूप घालून, बोटं चाटून. काकांनी दुसऱ्यांदा मागितला. एका मुलानं निम्मा टाकला, तो त्याच्या आईनं त्याच्या तोंडात कोंबला. मी भिंतीला टेकून प्रत्येकाचं तोंड बघत होते. दात, ओठांना लागलेलं तूप, गिळताना खालीवर होणारा गळा. कुणाच्या दातात एक शीत अडकलं होतं, ते तो काडीनं कोरत होता. नंतर हॉल आवरताना बघितलं तर थाळीतल्या मेणात कुणीतरी सिगारेट विझवली होती. तोच तो डाग.

सोमा मागं पाण्याच्या टाकीजवळ बसला होता, डोक्यावरचं उपरणं घडी करून मांडीवर. त्यानं जेवण घेतलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, त्यांनी रास शिजवून खाल्ली. तो हसला, माझा चेहरा दिसेपर्यंत. मी म्हटलं, पुरं कर. वाट सांग. तो म्हणाला, तिथं कोणी नीही बाई. तांदूळ होता, खाल्ला. संपलं. मी म्हटलं, "तू बोलावलंस. तू मानत नाहीस, पण तिनं मानलं. ती आली."

तो उठला, पँटची वाळू झटकली आणि चालू लागला. थाळी न्यायलाही आला नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, वासच आठवतात. त्या घरात रोज भात शिजायचा. शिजायला लागला की मी बाहेर ओसरीत जाऊन उभी राहायची, तिथं मासळीचं पाणी. ताई बोलायला तोंड उघडायच्या आणि मला वाटायचं, आत कुठंतरी आई आहे. त्या जांभई देतात, त्या गाणं गुणगुणतात, त्या मला म्हणतात, हल्ली जेवत नाहीस गं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. त्यांच्या उष्ट्या ताटाला हात लावताना मी फडकं गुंडाळायची. शेजारच्या बंगल्यातली मरियम्मा, माझ्यासारखीच कामाला, केरळची. तिला थोडं सांगितलं तर तिनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं खूण केली आणि म्हणाली, मेणबत्ती लाव, येशू तिला घेईल. ताई म्हणाल्या, साहेबांना सांगून गंगेचं पाणी मागवते. सगळे माझ्या आईला कुठं ना कुठं न्यायला तयार होते. कुणीही तिला विचारायला तयार नव्हतं. मला तेव्हा या साऱ्या देवांची मिळून एकच घाण यायला लागली, बंद कपाटाची.

सोमा बरेच शुक्रवार आला नाही. मग एका शुक्रवारी दुपारी आला. घरची मंडळी समुद्रावर गेली होती. तो मागच्या दारात उभा राहिला, चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, आणि तुसडेपणानं म्हणाला, थाळी कुठंय? मी आणून दिली. त्यानं मेणातला काळा भाग नखानं निघेल तेवढा खरवडून काढला, नवी काडी आणली होती ती रोवली. धुण्याच्या मशीनशेजारी खाली बसला.

"कॅम्पात झोप येत नीही," तो म्हणाला. "स्वप्नात बाप येऊन बसत नीही काही, तसलं नको समजू. पण अर्धं सोडलं ना, की बोटं वळवळतात. भिंत अर्धी सोडल्यासारखं."

मी म्हटलं, रास नाही. ती त्यांच्या पोटात गेली. तो जरा विचारात पडला. वैतागून डोकं खाजवलं, जसं सामान कमी पडल्यावर गवंडी खाजवतो. मग म्हणाला, मग तिथूनच वाट धरू.

आणि त्यानं तिथूनच धरली. त्या दिवशी जेवायला आलेल्या घरांची नावं त्यानं मला विचारून घेतली. मुऐदरच्या या बंगल्यातून निघ, म्हणाला. त्या काकांच्या घरातून निघ. अल थुमामाला विमानांच्या आवाजात राहणाऱ्या त्या बाईच्या घरातून निघ. निम्मा भात टाकणाऱ्या पोराच्या पोटातून निघ, त्याला राग धरू नकोस, लेकरू आहे. गोळा हो. मग वाळू आली, समुद्र आला, बोटी आल्या. हे शब्द त्याच्या बापाच्या थाळात कधीच नव्हते, पण ते तिथं नेहमीच असल्यासारखे येत होते. पलीकडे किनारा लागला. मग घाट, आमच्या नद्या, आमच्या खिंडी, एकेक पाडा, आणि शेवटी डोंगर. डोळे त्याचे उघडेच होते. मधूनच मोकळ्या हातानं तो घोट्याला चावलेला डास मारत होता. गाडी यायची वेळ झाली का म्हणून घड्याळ बघत होता. मी त्याच्या समोर बसून वाट बघत होते की तो वास येईल. साबणाच्या पावडरीचा येत होता, गटाराचा येत होता, त्याच्या घामाचा येत होता.

"पोचली का?" त्यानं विचारलं.

मला काही कळत नव्हतं. छातीत काही हललं नाही. काही निघून गेल्यासारखं वाटलं नाही, काही असल्यासारखंही वाटलं नाही. बोटं काडीवरून खाली येत राहिली.

"पोचली का?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं सुकली होती, पण पुन्हा ओली करायलाही तो ती काढत नव्हता. ज्याच्या लेखी तिथं कोणी नव्हतं, तो गाडी खोळंबवून, त्या कोणी नसलेल्या माणसासाठी माझ्या एका शब्दाची वाट बघत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. पुन्हा विचारताना त्याचा आवाज फाटला.

मी म्हटलं, पोचली.

त्यानं हात काढला. थाळी जरा वेळ आपली आपण घुमत राहिली आणि थांबली. तो उठून गाडीकडे धावला. थाळी तशीच राहिली. पुढं त्याचं काम दुसऱ्या गावी गेलं आणि आमची भेट झाली नाही.

संध्याकाळी मंडळी समुद्रावरून आली, अंगाला मीठ आणि वाळू. ताईंनी भात टाकायला सांगितला. मी टाकला. वाफ तोंडावर आली, मी तिथंच उभी राहिले. सगळ्यांचं झाल्यावर मी ताटात वाढून घेतला आणि खाल्ला. मळमळलं नाही. तो नुसता भात होता. जरा जास्त शिजलेला, मीठ कमी.

मी परत परत घास घेत होते आणि त्यात काहीतरी शोधत होते. आईला पोचवल्यामुळं तो नुसता भात झाला, का पहिल्यापासून नुसता भातच होता, हे मला त्या ताटावर कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. एवढं खरं, की सोमा जे कधी मानत नव्हता ते त्यानं पुरं केलं, आणि मी जे मानत होते ते त्या घासांबरोबर गिळून टाकलं. पाणी प्यायले. तेही खारट लागलं नाही. मग ताट घासलं, एकदाच, आणि पालथं घातलं.